राखेची साक्ष : आइसलंडची पहिली वस्ती



आपल्याकडे कोणत्याही जुन्या गावात जाऊन 'हे गाव कोणी वसविले?' असे विचारावे, म्हणजे उत्तर तयार असते. अमक्या मूळपुरुषाने रान मोडले, देवीने स्वप्नात येऊन जागा दाखविली, आणि म्हणून त्याच्या वंशाकडे पाटिलकी आली. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. 'पहिला कोण' यावर एके काळी वतन अवलंबून असे, आणि पोळ्याच्या दिवशी कोणाचा बैल पुढे निघावा हेही त्यावरच ठरे. पण त्याच गावाच्या कडेला बहुधा एक पांढरीचे टेकाड असते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, शेण, हाडे आणि पडक्या भिंती मिसळून पांढुरकी झालेली ती माती गावाची दुसरी साक्षीदार होय. एक साक्ष माणसाच्या आठवणीची आणि दुसरी जमिनीची.

या दोन साक्षी आपल्याकडे समोरासमोर येण्याचा योग फारसा येत नाही. दख्खनमध्ये माणसाची वस्ती इतकी पुरातन आहे की, तिच्या आरंभापर्यंत कोणाचीही आठवण पोहोचत नाही. दोघींची उलटतपासणी व्हावयाची तर असा देश हवा की, जेथे माणूस फार उशिरा आला, आल्यावर लवकरच लिहू लागला, आणि जेथील जमिनीने आपल्या घडामोडींची नोंद तारीखवार ठेविली. असा एक देश पृथ्वीच्या पाठीवर आहे, आणि तो म्हणजे उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलंड. आजचे आमचे व्याख्यान त्या बेटावरील पहिल्या वस्तीविषयी आहे.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊ. आइसलंडचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एकतृतीयांश आहे. नॉर्वेचा किनारा तेथून सुमारे ९७० किलोमीटर, स्कॉटलंड सुमारे ८०० किलोमीटर आणि फेरो बेटे सुमारे ४३० किलोमीटर दूर. ग्रीनलंड तेवढे जवळ, पण ते बर्फाने झाकलेले. अटलांटिकच्या तळाशी उत्तर-दक्षिण अशी एक प्रचंड भेग गेलेली आहे. तिच्या दोन्ही बाजूंचा भूपृष्ठाचा भाग वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर इतक्या संथ गतीने एकमेकांपासून दूर सरकत असतो आणि मधल्या फटीतून तप्त रस वर येतो. हा रस इतक्या विपुलतेने वर आला की, समुद्राच्या तळापासून उभारणी होत होत पाण्याबाहेर एक देश तयार झाला. तो म्हणजे आइसलंड. ही निर्मिती अजून थांबलेली नाही. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी दक्षिण किनाऱ्याजवळ समुद्रातून धूर आणि राख उसळू लागली आणि १९६७ च्या जूनपर्यंत तेथे सुर्ट्सी नावाचे एक नवे बेट उभे राहिले.

महाराष्ट्राच्या माणसाला हा खडक अगदीच परका वाटणार नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक रचलेल्या काळ्या कातळाच्या पायऱ्या आपण पाहतो, त्याही लाव्ह्याच्याच. भूशास्त्रज्ञ आपल्या पठाराला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातील 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. भेद वयाचा आहे. आपला कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. आइसलंडमधील जुन्यात जुना खडक सुमारे दीड कोटी वर्षांचा, आणि नव्यात नवा अजून गरम आहे. अशा नवजात आणि एकाकी भूमीवर चालत येणे कोणालाच शक्य नव्हते. तेथील मूळचा भूचर सस्तन प्राणी एकच, उत्तर ध्रुवाकडील कोल्हा. माणसाने आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया, अमेरिका पादाक्रांत केली, तरी हे बेट ओसाडच होते. आपल्याकडे राष्ट्रकूटांचे राज्य चालू होते त्या सुमारास माणसाने तेथे कायमची वस्ती केली.

आता पहिली साक्ष ऐकू. आरी थॉर्गिल्सन नावाच्या विद्वान धर्मोपदेशकाने इ. स. ११२२ ते ११३३ या काळात आपल्या देशाचा एक छोटासा इतिहास लिहिला. त्याचे नाव 'इस्लेंडिंगाबोक', म्हणजे आइसलंडकरांचा ग्रंथ. या ग्रंथाचा विशेष असा की, आरी आपली माहिती कोणाकडून मिळाली ते नावानिशी सांगतो. ज्याने त्याला वाढविले तो टेट, फार मागचे आठवणारा त्याचा चुलता थॉर्केल, आणि थुरीद नावाची एक जाणती स्त्री, हे त्याचे साक्षीदार. आपल्या बखरकारांपैकी कितीजणांनी एवढा काटेकोरपणा दाखविला, हे ज्याचे त्याने आठवावे. आरी म्हणतो की, इंग्लंडात एडमंड राजाचा वध झाला त्या सुमारास, म्हणजे इ. स. ८७० च्या आसपास, नॉर्वेहून लोक येऊन आइसलंडमध्ये वस्ती करू लागले. साठ वर्षांत सारी जमीन व्यापली गेली. तेव्हा डोंगर आणि किनारा यांच्यामध्ये रान होते, असेही तो नोंदवितो.

दुसरा ग्रंथ 'लांडनामाबोक', म्हणजे भूमिग्रहणाचा ग्रंथ. त्यात सुमारे चारशे वसाहतकारांची आणि त्यांनी घेतलेल्या जमिनींची जंत्री आहे. पहिला मान इंगोल्फुर आर्नार्सन याला. किनारा दिसू लागताच त्याने आपल्या घरच्या मानाच्या आसनाचे कोरीव खांब समुद्रात टाकले आणि ते जेथे लागतील तेथे घर बांधण्याचा पण केला. त्याच्या दासांना ते खांब सापडले ती जागा म्हणजे आजची राजधानी रेक्याविक. परंपरेने या घटनेचे वर्ष ८७४ धरले जाते. सन १८७४ मध्ये आइसलंडने या वस्तीची सहस्राब्दी साजरी केली आणि तिला डेन्मार्कचा राजा स्वतः आला होता. एका राष्ट्राचा अभिमान या एका सनाशी जोडलेला आहे.

पण कोणीही चिकित्सक विचारील, की घटनेनंतर अडीचशे वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथावर विश्वास का ठेवावा? कागदावाचून इतिहास नाही अशी शिकवण आपल्याकडे राजवाड्यांनी दिली, आणि ती योग्यच होती. येथे तर समकालीन कागद नाहीच. मग निवाडा कोणी करावयाचा?

निवाडा राखेने केला. ज्वालामुखी जागा होतो तेव्हा राख आकाशात उंच जाते आणि वाऱ्याबरोबर शेकडो मैल पसरते. काही दिवसांत सारा प्रदेश एका पातळ थराने झाकला जातो. त्यावर पुन्हा धूळ बसते, गवत उगवते, माती वाढते. शे-दोनशे वर्षांनी दुसऱ्या ज्वालामुखीची राख येते. आइसलंडमध्ये खड्डा खणला की त्याच्या भिंतीवर काळे, पांढरे, करडे, हिरवट असे पट्टे वहीवर आखलेल्या ओळींसारखे दिसतात. प्रत्येक ज्वालामुखीच्या राखेतील काचकणांची रासायनिक घडण निराळी असते, त्यामुळे दोनशे मैलांवरच्या दोन खड्ड्यांतील थर एकच आहे की नाही हे सांगता येते. राखेच्या थरांवरून काळ मोजण्याचे हे शास्त्र सिगुर्दुर थोरारिन्सन या आइसलंडच्या भूशास्त्रज्ञाने उभे केले. राखेला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याने तिला 'टेफ्रा' हे नाव दिले आणि १९४४ साली आपल्या प्रबंधात या पद्धतीची मांडणी केली.

या माणसाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९३९ साली उत्तर युरोपातील विद्वानांनी मिळून थ्योर्सारदालुर नावाच्या उजाड खोऱ्यात उत्खनन केले आणि हेक्ला ज्वालामुखीच्या पांढऱ्या राखेखालून स्टोंग या गढीवजा शेतघराचे अवशेष बाहेर काढले. ती राख इ. स. १३०० ची असे थोरारिन्सनने प्रबंधात लिहिले. पुढे अधिक पुरावा पाहून त्याने स्वतःच आपले मत मागे घेतले आणि ती राख ११०४ सालच्या उद्रेकाची ठरविली. एकदम दोनशे वर्षांची दुरुस्ती! आता तर ११०४ नंतरही स्टोंगमध्ये लोक राहात होते, असे नंतरच्या उत्खननावरून संशोधक म्हणतात. ज्या शास्त्रात मनुष्य आपली चूक आपणच छापून सांगतो त्या शास्त्रावर विश्वास ठेवावयास हरकत नसते.

आता मुख्य थराकडे येऊ. आइसलंडच्या मोठ्या भागात एक राखेचा थर आढळतो, आणि अनेक ठिकाणी तो दुरंगी असतो, खाली फिकट आणि वर गडद हिरवट-काळा. याचे कारण असे की, दोन शेजारच्या ज्वालामुखी क्षेत्रांतून एकाच उद्रेकात दोन जातींची राख बाहेर पडली. माणसाच्या वस्तीच्या खुणा, म्हणजे कोळसा, गुरांची हाडे, घरांच्या भिंती, या थराच्या लगेच वर सर्वत्र सुरू होतात, आणि खाली जवळजवळ कोठेच नसतात. म्हणून याला 'भूमिग्रहणाचा थर' असेच नाव पडले. परंतु तो थर कोणत्या सालचा?

उत्तर मिळाले ते समुद्रापलीकडे, ग्रीनलंडच्या बर्फात. तेथे दरवर्षीचे हिम आदल्या वर्षीच्या हिमावर साचते आणि झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्याचे वर्षावर्षांचे थर मोजता येतात. १९९० ते १९९२ या काळात तेथे तीन किलोमीटरांहून अधिक खोल भोक पाडून बर्फाचा एक अखंड स्तंभ बाहेर काढण्यात आला. त्यात याच दुरंगी राखेचे सूक्ष्म काचकण सापडले, आणि १९९५ साली त्यांचे वर्ष ८७१, दोन वर्षे अलीकडे-पलीकडे, असे जाहीर झाले. पुढे या मोजणीतही अल्प चूक निघाली. इ. स. ७७४-७५ मध्ये अंतराळातून आलेल्या तीव्र किरणोत्सर्गाची खूण झाडांच्या वलयांत आणि बर्फात, दोन्हींत उमटलेली आहे. ती जुळवून पाहता बर्फाचे पंचांग काही वर्षांनी सरकलेले दिसले. दुरुस्तीनंतर त्या राखेचे वर्ष ८७७ असे ठरते, फार तर एक वर्ष इकडे-तिकडे.

आरीने सांगितले होते ८७०. परंपरेने सांगितले ८७४. राखेने सांगितले की वस्तीचा लोंढा ८७७ च्या लगेच नंतरचा. अडीचशे वर्षे केवळ तोंडोतोंडी चालत आलेली आठवण अवघ्या काही वर्षांच्या अंतराने खरी ठरली! ज्यांना परंपरा म्हटली की नाक मुरडावयाची सवय आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण परंपरेच्या भक्तांनीही लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण साक्ष अजून संपलेली नाही. २००१ साली रेक्याविकच्या जुन्या मुख्य रस्त्यावर एक हॉटेल बांधावयाचे होते. पाया घेण्यापूर्वी उत्खनन झाले आणि दहाव्या शतकातील एका लांबट घराचे जोते सापडले. त्याच्या जवळच एका जुन्या भिंतीचा तुकडा निघाला. येथे एक बारकावा समजून घेतला पाहिजे. आइसलंडमध्ये भिंती बांधण्यासाठी गवतमुळांनी विणलेल्या मातीच्या ढेपा कापून त्या विटांसारख्या रचीत. भिंतीच्या ढेपांमध्येच राखेचा पट्टा आढळला, तर ढेप कापण्यापूर्वी राख पडलेली होती, म्हणजे भिंत राखेनंतरची. उलट, ढेपांत राख नाही, पण उभ्या भिंतीवर आणि तिच्या पायथ्याशी ती जशी पडली तशी शाबूत आहे, तर भिंत राखेच्या आधीची. रेक्याविकची ही भिंत दुसऱ्या प्रकारची निघाली. आकाशातून राख पडली तेव्हा ती उभी होती. म्हणजे ८७७ पूर्वी तेथे कोणीतरी हात चालवून गेले होते.

त्याहीपूर्वी कोण होते? आरी म्हणतो की, नॉर्वेचे लोक आले तेव्हा तेथे 'पापार' नावाचे ख्रिस्ती विरक्त होते. मूर्तिपूजकांबरोबर राहणे नको म्हणून ते निघून गेले आणि मागे आयर्लंडचे ग्रंथ, घंटा व धर्मदंड टाकून गेले. डिकुइल नावाच्या आयरिश पंडिताने इ. स. ८२५ मध्ये लिहिलेल्या भूगोलात याला पुष्टी देणारी नोंद आहे. तीस वर्षांपूर्वी काही साधू फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत अतिउत्तरेच्या एका बेटावर राहून आले होते. त्यांनी त्याला सांगितले की, तेथे उन्हाळ्यात सूर्य जणू लहानशा टेकडीआड गेल्यासारखा होतो, आणि मध्यरात्रीही सदऱ्यातील उवा वेचण्याइतका उजेड असतो. असा तपशील घरी बसून सुचत नाही. तथापि या साधूंची एकही निर्विवाद वस्तू आइसलंडच्या मातीत अद्याप सापडलेली नाही. दक्षिणेस सेल्यालंड येथे एक कोरलेली गुहा आहे. तिच्यातून उकरून बाहेर टाकलेला भराव त्या दुरंगी थराच्या खाली आहे, असे एका संशोधकाचे म्हणणे आहे. पूर्व किनाऱ्यावर स्त्योदवार येथे २०१५ पासून चाललेल्या उत्खननात एका घराखाली त्याहून जुने घर निघाले. त्याचा काळ कार्बन पद्धतीने इ. स. ८०० च्या सुमारास येतो, आणि तो हंगामी शिकारीचा तळ असावा असे उत्खननकर्त्याला वाटते. पण येथे सावधगिरी हवी. आइसलंडच्या किनाऱ्याला सैबेरियातील नद्यांतून वाहून आलेले ओंडके लागतात, आणि असे जुने लाकूड चुलीत जळले तर कोळशाचे वय चुलीपेक्षा अधिक निघते. वाद चालू आहे, आणि चालू असावयास हवा.

आम्हाला मात्र या साऱ्या कथेतील एक वेगळीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. 'लांडनामाबोक' याच ग्रंथात इंगोल्फुरच्या आधी आलेल्या गार्दार नावाच्या दर्यावर्दीची हकीकत आहे. उत्तर किनाऱ्यावर एक हिवाळा काढून तो परत निघाला, तेव्हा नाट्फारी नावाचा एक मनुष्य, एक दास आणि एक दासी, हे तिघे एका होडीसह मागे राहिले. ते परत गेले नाहीत. म्हणजे ग्रंथाच्याच म्हणण्याप्रमाणे कायम राहणारी पहिली माणसे हीच! पण पहिलेपणाचा मान त्यांना नाही. दोघांची तर नावेही कोणी लिहून ठेविली नाहीत. मान मिळाला जमिनीवर रीतसर हक्क सांगणाऱ्या मोठ्या घराण्याच्या पुरुषाला. हे वाचून आम्हाला आपल्या वतनांच्या कागदपत्रांची आठवण होते.

इंगोल्फुरच्या मानलेल्या भावाची, ह्योर्लेफची, कथा याहून कठोर आहे. त्याच्याजवळ बैल एकच होता, म्हणून त्याने आयर्लंडहून पकडून आणलेल्या दासांना नांगराला जुंपले. दासांनी त्याला ठार केले आणि ते समोरच्या बेटांवर पळाले. इंगोल्फुरने त्यांना तेथे गाठून मारले. आयरिश लोकांना 'पश्चिमेचे लोक' म्हणत, म्हणून त्या बेटांना वेस्टमान बेटे हे नाव पडले, ते आजतागायत चालू आहे. सुर्ट्सी वर आले ते याच बेटांच्या रांगेत.

या अनामिक माणसांची साक्ष कोणी दिली? ती रक्ताने दिली. आजच्या आइसलंडकरांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की, वसाहतकाळचे सुमारे तीनचतुर्थांश पुरुष स्कँडिनेव्हियातून आलेले होते. पण स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ६० टक्के, आयर्लंड आणि स्कॉटलंडकडील होत्या. २०१८ साली त्या काळच्या सांगाड्यांची तपासणी झाली, तीतही हे मिश्रण आढळले. त्या साऱ्याच पकडून आणलेल्या होत्या असे नव्हे. काही पत्नी म्हणून आल्या, काही स्वतंत्र घराण्यांतून आल्या. पण किती तरी जणी दासी होत्या यात शंका नाही. आरी म्हणतो देश नॉर्वेहून वसला. ते खोटे नाही, परंतु अर्धेच खरे आहे.

राख आणखी एक हिशेब सांगते. दोन ज्ञात सालांच्या थरांमध्ये किती माती साचली हे मोजले, म्हणजे त्या काळात वाऱ्याने किती माती उडविली हे कळते. थोरारिन्सनला असे दिसले की, वस्ती झाल्यानंतर ही गती कित्येक पटींनी वाढली. कारण उघड आहे. वसाहतकारांनी गुरांसाठी, मेंढरांसाठी, कोळशासाठी रान तोडले आणि उगवते कोंब मेंढरांनी खाल्ले. ज्याच्या सालीवर आपले पूर्वज ग्रंथ लिहीत त्या भूर्जाच्या जातीचेच हे रान होते. वस्तीपूर्वी त्याने देशाचा एकचतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग व्यापला होता. आज ते सुमारे दीड टक्का उरले आहे. ज्वालामुखीच्या राखेची माती हलकी असते. झाडाचे मूळ सुटले की ती वाऱ्यावर जाते. किनाऱ्यावरच्या वॉलरस या सुळेवाल्या समुद्रप्राण्याची तेथील स्वतंत्र जातही वस्तीनंतर काही शतकांतच नाहीशी झाली. आरीच्या त्या एका वाक्यात, 'तेव्हा रान होते' या अर्थाच्या वाक्यात, आम्हाला खंत ऐकू येते. ती त्याच्या मनात होती की नाही कोण जाणे. पण अडीचशे वर्षांत ते रान बहुतांशी गेलेले होते, म्हणूनच त्याला ते मुद्दाम लिहावेसे वाटले असावे.

श्रोतेहो, आम्ही इतक्या दूरच्या देशाची कथा आपणांस का सांगितली? एक कारण असे की, राखेचा असा थर आपल्या दारातही आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेबरोबर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली आहेत. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची. परंतु ती तेथील ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की त्याहून लाखो वर्षे जुन्या उद्रेकाची, यावर विद्वानांचे एकमत नाही. आइसलंडप्रमाणे तेथे बर्फाचे पंचांग हाताशी नाही आणि आरीही नाही. माती एकटी बोलते तेव्हा तिचे बोलणे किती अवघड होते, ते बोरीवरून कळते. ग्रंथ एकटा बोलतो तेव्हा तो कोणाकोणाला वगळतो, ते नाट्फारीवरून कळते.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. रेक्याविकच्या लोकांनी हॉटेल बांधले, पण त्या घराचे जोते हलविले नाही. ते तळघरात जसेच्या तसे राखून २००६ साली लोकांना पाहण्यासाठी खुले केले. आपण आपल्या पांढरीचे काय करतो? पिकाला चांगली म्हणून तिची माती गाड्या भरभरून शेतात टाकली जाते, धाब्याच्या छपरांवर पसरली जाते, आणि एकेका टेकाडातील हजार-दोन हजार वर्षे एका उन्हाळ्यात सपाट होतात. यात शेतकऱ्याचा दोष नाही. ती माती म्हणजे साक्षीदार आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्याचे काम आपल्यासारख्या गावोगावच्या शिकल्यासवरल्या लोकांचे आहे. गावचा मूळपुरुष कोण, याचे उत्तर देवळाच्या पारावर मिळेल. त्याच्या आधी होडीसह मागे राहिलेली ती तीन माणसे कोण, याचे उत्तर मात्र पांढरीतच आहे, आणि ती शिल्लक असेल तरच मिळेल.